छावणींतील दारें आणि लपलेली बिजागरी

इतिहास म्हटला कीं किल्ले, तह आणि राजघराणीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या वस्तूला आपला हात दिवसांतून पन्नास वेळां लागतो, तिलाहि इतिहास असतो, आणि कित्येकदां तो अधिक बोलका असतो. श्रोतेहो, आज मी अशाच एका वस्तूविषयीं, म्हणजे स्वयंपाकघरांतील कपाटाच्या दारामागें दडलेल्या बिजागरीविषयीं, बोलणार आहें. स्थळ आहे उल्हासनगरचा कॅम्प ४.

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या मोठ्या दारांना बहुधा बिजागरी नसे. फळीच्या मागील कडेला वर व खालीं लाकडाचें गोल टोंक ठेवीत. खालचें टोंक उंबरठ्याजवळच्या खळग्यांत आणि वरचें चौकटीच्या छिद्रांत बसवीत. सबंध दार त्या दोन टोंकांवर फिरे आणि त्याचा भार जमिनीवर पडे. म्हणूनच तें कितीहि जड असलें तरी चाले. धातूची बिजागरी मागाहून रूढ झाली, आणि तिचें नांवच तिची वाट सांगतें. 'बिजागरी' हा शब्द पोर्तुगीज 'बिसाग्रा' या शब्दावरून आला. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. किल्ला परत मिळाला. पण चावी, पगार, घमेलें आणि बिजागरी हे शब्द आपल्या भाषेंत कायमचे वस्तीला राहिले. बिजागरीमुळें दाराचा भार जमिनीवरून चौकटीवर आला, आणि दार लोंबूं लागलें तर काय करावें, हा प्रश्न सुतारापुढें उभा राहिला.

आतां छावणीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैन्यासाठीं बराकी उभारल्या होत्या. १९४७ मध्यें देशाची फाळणी झाली, आणि सिंध सोडून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना येथें आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. परंतु पत्ते अद्यापहि छावणीचेच आहेत. कॅम्प, सेक्शन आणि बराकीचा क्रमांक सांगितल्यावांचून येथें घर सांपडत नाहीं.

शिपायांच्या लांबलचक बराकींत कुटुंबें राहूं लागलीं, तेव्हां एका संसारापासून दुसरा वेगळा करावयाचा तो गोणपाटाच्या पडद्यानें. पडदा नजर अडवितो, पण आवाज अडवीत नाहीं, आणि त्याला कडी लागत नाहीं. ज्यांनीं सिंधमध्यें भरलीं घरें कुलूप लावून सोडलीं, त्यांना येथें लावावयाला दारच नव्हतें. म्हणून या वस्तींत भिंत, दार आणि कपाट यांना नुसत्या सोयीपेक्षां अधिक मोल आलें. आपलें म्हणून जें कांहीं उरलें, तें बंद करून ठेवतां येणें, ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे. त्यामागें व्यापारी बुद्धि आहेच, पण ही भूकहि असली पाहिजे.

योगायोग असा कीं, आजच्या बांधीव स्वयंपाकघराचा जन्महि घरांच्या टंचाईंतूनच झाला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत कामगारांसाठीं हजारों घरें बांधावयाचीं होतीं. १९२६ मध्यें मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीनें त्यांच्यासाठीं दोन मीटरहून कमी रुंद व सुमारें साडेतीन मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें. ओटा, फडताळ, खण, सर्व कांहीं भिंतीला जोडलेलें आणि हाताच्या टप्प्यांत. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बसविण्यांत आलीं.

पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लांकडाचा तुटवडा पडला, आणि लाकडाचे तुकडे व भुसा राळेंत दाबून केलेली फळी प्रचारांत आली. ती स्वस्त व सपाट होती. पण तिला लाकडाची शीर नव्हती. तिच्या कडेंत स्क्रू पिळला तर ती फुटे. तेव्हां कडेवर भार टाकणारी जुनी बिजागरी तिला चालेना. त्यावर १९६० च्या दशकांत युरोपांतील कारखान्यांनीं जो उपाय रूढ केला, तीच आपली लपलेली बिजागरी. दाराच्या पाठीमागें ३५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारें १२ मिलिमीटर खोल वाटोळा खड्डा पाडावयाचा व त्यांत बिजागरीची वाटी बसवावयाची. वाटींतून निघालेला हात कपाटाच्या कुशीवरील पट्टीला धरतो. भार कडेवर न येतां फळीच्या अंगावर येतो, आणि दार मिटलें म्हणजे बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

१९९१ नंतर परदेशी मालाला बाजार मोकळा झाला, तशी ही बिजागरी आपल्याकडे सर्रास झाली. बराकींच्या जागीं उठलेल्या इमारतींच्या लहान खोल्यांना ती मानवली; कारण शेजारशेजारचीं दारें एकमेकांना न घासतां उघडतात. परंतु तिचा खरा गुण निराळाच आहे. जुनी बिजागरी चुकली तर सर्व उखडावें लागे. हिच्यांत चूक सुधारण्याची सोय आधींच ठेवलेली आहे.

ती सोय अशी. दाराला जवळचा स्क्रू फिरविला कीं दार डावी-उजवीकडे सरकतें. मागचा सैल केला कीं तें आंत-बाहेर होतें. पट्टीचे स्क्रू सैल केले कीं वर-खालीं करतां येतें. प्रत्येक दिशेला दोन-तीन मिलिमीटरांची मुभा असते. दाराचा मोकळा कोपरा खालीं लोंबला असेल, तर वरच्या बिजागरीनें दार बिजागरीच्या बाजूला ओढावें आणि खालच्या बिजागरीनें किंचित् दूर सारावें. पेचकस एका वेळीं पाव फेरा फिरवावा, दार मिटून फट पाहावी, मग पुढचा फेरा. सगळे स्क्रू एकदम सैल करणारा मनुष्य संध्याकाळपर्यंत कपाटापुढेंच बसून राहतो.

कित्येकदां दोष बिजागरीचा नसून फळीचा असतो. कोंकणचा पावसाळा दमट. त्यांतून अंबरनाथकडून येणारी वालधुनी या नगरांतून वाहते, आणि २६ जुलै २००५ चा महापूर येथें कोणी विसरलेलें नाहीं. भुशाची फळी पाणी प्याली कीं फुगते आणि स्क्रूची पकड सुटते. अशा वेळीं सुतार छिद्रांत सरस लावलेल्या आगकाड्या ठोकून, तो वाळल्यावर स्क्रू पुन्हां पिळतो. शेजारच्या अंबरनाथास १९२० च्या दशकांत स्वीडिश भांडवलावर आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला होता. तो आज चालूं नाहीं. पण दार सावरण्याचें काम आगकाडी अजून करते. मात्र फळी पार कुजली असेल, तर ती बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं.

श्रोतेहो, दार वांकडें झालें कीं कपाटच टाकून नवें आणावें, असें सांगणारे आज पुष्कळ भेटतात. ज्या वस्तींत माणसांनीं गोणपाटाच्या पडद्यापासून दारापर्यंतची वाट चालून काढली, तेथें तरी हा सल्ला सहज मानूं नये. हातांतील पेचकसाचा पाव फेरा पुष्कळदां पुरेसा असतो. तो कोणत्या स्क्रूला द्यावा, एवढें मात्र ठाऊक असलें पाहिजे.