६ ऑक्टोबर २०२२ : उइगुरांवरील चर्चेला दोन मतांनी नकार

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या ४७ सदस्यीय मानवाधिकार परिषदेने चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिम अल्पसंख्याकांच्या स्थितीवर केवळ चर्चा घेण्याचा प्रस्ताव १७ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. भारतासह ११ देश तटस्थ राहिले.

तिथल्या मानवाधिकार उल्लंघनांचा पुरावा समोर होता. मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाच्या ३१ ऑगस्टच्या अहवालात उपग्रह छायाचित्रे, चीनची सरकारी कागदपत्रे आणि ४० जणांच्या मुलाखती होत्या. त्यांतील २६ जण २०१६ पासून शिनजियांगमधील बंदी केंद्रांत डांबले गेले होते किंवा कामाला होते. चीनने अहवाल खोटा ठरवला. ती व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे होती, असे त्याचे म्हणणे.

या मतदानाचे महत्त्व आजही इथेच आहे. कोण खरे, हे उघडपणे पारखण्याआधीच चर्चेचे दार बंद झाले. परदेशातली उइगुर कुटुंबे मात्र आपल्या माणसांचा ठावठिकाणा अजून विचारत आहेत.