वावडं

खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची पेठ आखली. त्या सरळसोट गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. अशाच एका गल्लीत आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, काष्टौषधींचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, दारात लोखंडी खलबत्ता, आणि सुंठ, वेखंड, हिरडा यांचा मिळून झालेला एक वास. तो माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. दशमान वजनांचा कायदा 1956 चा, पण गिऱ्हाइकं त्यानंतरही कितीतरी वर्षं तोळ्यानेच मागत. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, दादा 12 तोलायचे.

दुकानाचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा. तेव्हा कापसाचे जीन चालू होत. अमेरिकेतल्या 1861 ते 65 च्या यादवीने तिकडचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या, रेल्वे आली, आणि जळगाव-धुळे पट्ट्यात सरकी काढणारे कारखाने उभे राहिले. 1906 साली प्रतापशेटजींनी अमळनेरला गिरणी काढली. रुईबरोबर तिची धूळही पिढ्यान् पिढ्या खानदेशाच्या नाकात गेली, हे मात्र कुठल्या कोनशिलेवर कोरलेलं नाही.

जीनमधले मजूर संध्याकाळी यायचे. भुवयांवर पांढरी पूड, डोळे लाल. "दादा, छाती भरी उनी," एवढंच बोलायचे. दादांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती : सुटीनंतर पुन्हा कामावर गेलेल्या दिवशी गर्दी जास्त, मग हळूहळू कमी. मला वाटायचं, सुटीच्या दिवशी पगार हातात असतो म्हणून. पुढे कळलं की कापसाच्या धुळीच्या या दम्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळणं हीच त्याची खूण आहे. ही ॲलर्जी नव्हे, असं आज डॉक्टर सांगतील. दुकानाच्या फळीवर मात्र शिंक, खोकला, धाप सगळं एकाच रांगेत उभं असायचं.

पुडी ठरलेली : वाळलेला अडुळसा, ज्येष्ठमध, बेहड्याची साल, थोडी पिंपळी. बेहडे सातपुड्याकडच्या पावरा बायका टोपल्यांतून आणत. अडुळसा कुंपणातला. त्याला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तो बांधावर टिकतो. गिऱ्हाईक पुडी घेऊन वळलं की दादांचा प्रश्न यायचा, "उकळणार की नुसता भिजवणार?"

हा प्रश्न आयुर्वेदातल्या शार्ङ्गधराचा. त्याच्या संहितेत काढ्याचा हिशेब आहे : औषधाच्या सोळापट पाणी, ते आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. आणि फांट वेगळा : कुटलेल्या औषधावर चौपट कढत पाणी ओतायचं, झाकायचं, गाळून प्यायचं. साल, मूळ, लाकूड यांचा काढा करावा. तुळस, गवती चहा यांचा फांट, कारण त्यांचा अर्क वासात असतो आणि आटवलं की तो वास घरभर होतो, पेल्यात राहत नाही. हल्ली चकचकीत डब्यांतून 'हर्बल टी' म्हणून जे येतं ते सरळसरळ फांट आहे. हे ऐकलं असतं तर दादांनी किंमत विचारली असती आणि मग बराच वेळ हसले असते.

अडुळशाबद्दल त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सीन बनवलं, आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असतं. पण ते कफ पातळ करतं. शिंका थांबवणं हे त्याचं काम नाही, आणि दादाही तसं कधी म्हणाले नाहीत. नुसत्या शिंका घेऊन कोणी आलं की पुडी बांधण्याआधी ते विचारायचे, "वावडं कशाचं आहे?"

क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने 'ॲलर्जी' हा शब्द घडवला तोही 1906 सालीच. आमच्याकडे मात्र वावडं हा शब्द आधीपासून होता, आणि त्यात उपायही होता : जे सोसत नाही त्यापासून लांब राहा. जीनमधल्या माणसाने लांब कुठे राहायचं, याला दादांकडे उत्तर नव्हतं. ते पुडीत गुळाचा खडा टाकायचे.

मग हंगामच बदलला. गाजरगवताची पुण्यातली नोंद 1956 ची. ते अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. शेतकरी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे. मी कॉलेजात जाईपर्यंत पांझरा नदीच्या काठाने ते कमरेएवढं वाढलं होतं. आता श्रावण-भाद्रपदातच लोक नाकाला रुमाल लावून येऊ लागले, तेही कधी जीनची पायरी न चढलेले. शार्ङ्गधराला हे झाड ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. दादांनी आलं-तुळशीचा फांट सांगितला आणि वर म्हणाले, गवत फुलायच्या आधी उपटा, हातमोजे घालून.

फांटाने बरं वाटतं, हे खोटं नाही. 2008 साली कार्डिफ विद्यापीठात 30 जणांना सर्दीत गरम पेय देऊन पाहिलं. नाकातून जाणारी हवा मोजली तर वाढली नव्हती, पण शिंका, खोकला आणि वाहतं नाक यांना उतार पडल्याचं त्यांनीच सांगितलं. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा सुचवला, तेव्हा आमचे खण चार दिवसांत रिकामे झाले. ज्येष्ठमधही लोक किलोने मागत होते. भाचा द्यायला निघाला, मी अडवलं. रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो.

दुकान आता भाचाच बघतो. गेल्या वर्षी त्याने कॅमोमाइलच्या पुड्या ठेवल्या. देवपूरच्या एका बाईंनी त्या नेल्या आणि दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून परत आल्या. त्यांना गाजरगवताचं वावडं होतं, आणि कॅमोमाइल त्याच कुळातलं, सूर्यफुलाच्या. भाच्याने डबे खाली काढले. मग थबकून म्हणाला, "मावशी, या कुळात अजून काय काय येतं?"

"करडई. शेवंती. झेंडू."

झेंडू म्हटल्यावर मीच थांबले. दसऱ्याला अख्ख्या गल्लीत झेंडूची तोरणं लागत. आमच्या दुकानाला आंब्याची पानं आणि ज्वारीची कणसं. कोणी विचारलं तर दादा सांगायचे, "हिच्या आईला शिंका येतात."