तळ्यातल्या माशाला वरून काय हवं?

रायपूरचा गोल बाजार म्हटला की किराणा, मसाले आणि जडीबुटी आठवते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे इथे मराठी वस्तीही जुनी. या बाजारामागचा मुलूख भाताचा आणि मोहाचा, आणि शहर तळ्यांचं: बूढा तालाब, तेलीबांधा. भात, मोह आणि तळं यांतूनच मी आज माशांच्या पूरक खाद्याचा इतिहास सांगणार आहे.

पूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज पावसाळ्यात नदीतून धरून तळ्यात सोडत. मासे विरळ असत. पाण्यातलं प्लवंग त्यांना पुरे. मोहाची ढेप तळ्यात पडे, पण खाद्य म्हणून नव्हे. तिच्यातल्या सॅपोनिनमुळे नको असलेले मासे मरतात आणि नंतर तीच ढेप कुजून खत होते.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन करण्यात यश आलं. म्हणून तो दिवस आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. बीज हाताशी आलं, तळी दाट भरू लागली. १९७१ पासून मिश्र मत्स्यशेतीचे देशभर प्रयोग झाले. आता प्लवंग पुरेना. मग भाताचा कोंडा आणि भुईमुगाची किंवा मोहरीची ढेप निम्मी-निम्मी देण्याची रीत रुळली. छत्तीसगडात कोंड्याला काय तोटा!

पण कोंड्यात एक मेख आहे. त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. कार्पला जठरच नाही, त्यामुळे आम्लही नाही. तो फॉस्फरस त्याला फारसा पचत नाही. म्हणून खाद्यात खनिज मिश्रण किंवा फायटेज विकर आलं. क जीवनसत्त्वाचंही तेच. मासा ते स्वतः बनवू शकत नाही. कमी पडलं तर पाठीचा कणा वाकतो. साधं क जीवनसत्त्व उष्णतेनं आणि साठवणीत नासतं, म्हणून टिकाऊ रूप वापरतात.

१९८८ मध्ये ईशान्येकडून व्रणरोगाची साथ भारतात शिरली. तेव्हा मच्छीमारांनी तळ्यात चुना आणि हळद टाकली. हळद, लसूण हे तर आपल्या किराण्यातले. आज संशोधक तेच खाद्यात मिसळून तपासतात.

हा इतिहास सांगायचं कारण रोकडं आहे. तळं लीजवर घेणाऱ्या ढीमर-केवट कुटुंबाचं भांडवल थोडं असतं. ‘वाढीची पावडर’ म्हणून पाकीट समोर आलं की तीन प्रश्न विचारा. यात नेमकं काय आहे? माझ्या खाद्यात तेच कमी आहे का? यात प्रतिजैविक तर नाही ना? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच राहू द्या. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं, पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडतात. तेव्हा कुठलीही पावडर कामाची नाही. पूरक म्हणजे उणं भरून काढणारं. म्हणून आधी उणं काय ते बघा, पाकीट मग.