मुंबई-कराची : ८७५ किलोमीटर

परवा सहज मुंबई-कराची हवाई अंतर मोजलं. सरळ रेषेत सुमारे ८७५ किमी. म्हणजे दिल्लीपेक्षा जवळ! जेट विमानाला दीड तास पुरे.

आता जरा मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा सकाळी साडेसहाच्या सुमारास टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विमान एका इंजिनाचं, पस मॉथ. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. साधारण सव्वासात तास. गंमत म्हणजे तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होतं. सिंध वेगळा झाला १९३६ साली.

फाळणीनंतरही, मध्ये मध्ये खंड पडत का होईना, थेट विमानं होती. १९८२ साली ७८ वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास पुन्हा केला. पण २०१७ मध्ये थेट सेवा थांबली, आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्दच बंद केली.

मग जायचं कसं? दुबईमार्गे. ३,००० किमीच्या वर, मधला थांबा धरून सहज सात-आठ तास. म्हणजे फिरून १९३२ च्याच वेळेवर!

आम्हा प्रोग्रामर लोकांना 'शॉर्टेस्ट पाथ' शोधायची भारी हौस. इथे दोन्ही टोकं जागच्या जागी आहेत, मधली रेघच पुसली गेलीय. ती इंजिन सुधारून परत येत नाही. ज्यांची बहीण तिकडे आणि भाऊ इकडे, त्यांना विचारा ८७५ किमी म्हणजे किती लांब.