गुंठाभर जागेतले गणित

नई तालीमचे नाव निघाले की लोकांना चरखा आठवतो; सातारा जिल्ह्यात शिक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या मला वाफा आठवतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सूतकताईबरोबर शेतीही त्यात मूलोद्योग होती. हातातल्या कामाशी गणित, भाषा, विज्ञान जोडायचे, याला शिक्षक समवाय म्हणत.

भाजीच्या बागेत हा समवाय ओढूनताणून आणावा लागत नाही. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीतला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एक एकर. मी मुलांना खुंट्या आणि बारा फुटी दोरी देत असे. तिचे ३, ४ आणि ५ फुटांचे भाग ताणले की कोपरा काटकोनात येतो. मग दहा बाय तीनचे वाफे: रुंदीत सात, मध्ये दोन फुटांच्या वाटा, लांबीत तीन, मध्ये दीड फुटाच्या. दोन्हीकडे बरोबर ३३ भरतात! वाफे २१, लागवडीला ६३० चौरस फूट. बाकीचे ४५९ वाटांत गेले म्हणून मुले हळहळत. पण तीन फुटी वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात पोचतो, माती तुडवली जात नाही. अर्ध्या फुटावर कांदा लावला तर एका वाफ्यात १२० रोपे बसतात, आणि ती मुलांनी चिखलात बसून मोजलेली असतात.

आज अनेक शाळांत पोषण आहारासाठी परसबागा आहेत. शिक्षकांनो, त्यांची आखणी तुम्ही करून देऊ नका. टेप आणि दोरी पाचवीच्या मुलांच्या हाती द्या.