समुद्रावर निघालात? कॅलेंडरवरची तिथी आधी बघा: भरती-ओहोटी कशी होते

बेळगाव, खानापूर, चंदगडकडची मंडळी सुट्टी पडली की पहाटे गाडी काढतात आणि आंबोलीमार्गे वेंगुर्ला किंवा चोर्ल्यामार्गे गोवा गाठतात. साडेनऊच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलं की पाणी लांब दिसतं, वाळू कडक लागते आणि कोणीतरी म्हणतंच, गाडी खालीच घेऊया की. काही वर्षांपूर्वी आम्हीही घेतली होती. बारा वाजता निम्मी चाकं पाण्यात होती. रापणीवरच्या माणसांनी दोर लावून गाडी ओढून काढली आणि आज तृतीया आहे हे घरातून निघताना बघितलं नव्हतं का, असं विचारलं. तिथीचा आणि गाडीचा काय संबंध, हे तेव्हा कळलं नव्हतं.

संबंध चंद्राचा आहे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वीची जी बाजू त्याच्यासमोर असते तिथलं पाणी त्याला जवळ पडतं, म्हणून ते जास्त ओढलं जातं. पृथ्वीचा मधला भाग त्याहून कमी ओढला जातो आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात कमी. म्हणजे समोरचं पाणी पुढे सरकतं, तर मागचं पाणी मागे राहून जातं. दोन्ही बाजूंना फुगवटा तयार होतो, तो असा. चंद्र एका बाजूला असताना भरती दिवसातून दोनदा का येते, याचं उत्तर यातच आहे.

भरती येते ती ओढीमुळे नाही, तर ओढीतल्या या फरकामुळे. राकसकोप जलाशयाला भरती का येत नाही? पाणी कमी म्हणून नाही, तर जलाशयाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्राची ओढ जवळपास सारखीच असते म्हणून. सूर्याचंही तसंच. पृथ्वीवर त्याची ओढ चंद्रापेक्षा सुमारे १८० पट जास्त आहे, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे पृथ्वीच्या दोन बाजूंमधला फरक किरकोळ राहतो. भरतीच्या बाबतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो.

हे सगळं नीट मांडलं न्यूटनने, १६८७ साली. त्याआधी गॅलिलिओसारख्या माणसाने १६३२ च्या ग्रंथात भरतीचं कारण पृथ्वीचं फिरणं असल्याचं सांगितलं होतं आणि चंद्राचा संबंध जोडणाऱ्या केप्लरला नावं ठेवली होती. मोठी माणसंही चुकतात.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. त्या वेळची मोठी भरती म्हणजे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात आणि एकमेकांचं बळ कमी करतात. तो भांग. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, हे पुष्कळ लोक विसरतात. शिवाय सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्या उलटल्यावर एक-दोन दिवसांनी येतं. पौर्णिमा गेली, आता काळजी नाही, असं धरून चालत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी ५० मिनिटं लागतात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांच्या जवळपास राहतं.

यावरूनच कोकणातला जुना हिशेब आला आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दहा सेकंदांत उत्तर मिळतं. कॉमर्सवाल्याला आणखी काय पाहिजे?

आता आमची तृतीया बघा. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वाआठला. आम्ही पोचलो तेव्हा समुद्र नुकताच परतायला लागला होता. पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. आमचे ते दोन तास सव्वादहा ते सव्वाबारा होते. पाणी मीटरभर वर चढलं तरी सपाट पुळणीवर ते कितीतरी आत येतं.

सगळीकडे भरती सारखी नसते. दोन फुगवट्यांचं चित्र समजायला बरं, पण प्रत्यक्षात मध्ये खंडं आडवी येतात आणि परातीतलं पाणी हिंदकळावं तसा समुद्र आपापल्या खोऱ्यात हेलकावतो. गोव्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. मुंबईत तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. खंभातच्या आखातात दहा मीटरच्याही वर, कारण आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि पाण्याला वर चढण्याशिवाय वाट राहत नाही.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, भरतीचा परिणाम जाणवतो. तिथल्या खाजन शेतांच्या बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीचं खारं पाणी तेच दार बंद करतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

भरती चढताना सामान भिजतं, गाडी अडकते. जिवाला धोका जास्त असतो तो खाडीच्या तोंडाशी, उतरत्या पाण्यात. आत शिरलेलं सगळं पाणी अरुंद वाटेने बाहेर पडत असतं. वरून ते शांत दिसतं, पण कमरेएवढ्या पाण्यातही पाय ठरत नाहीत. पौर्णिमेला ही ओढ दुपारी सव्वा ते सव्वातीन या वेळात जोरात असते, म्हणजे नेमकी जेवणानंतर पोरं पुन्हा पाण्यात उतरतात तेव्हा. अशा दिवशी खाडीच्या तोंडापासून लांबच बसावं. पावसाळ्यातल्या लाटांना आणि आत ओढणाऱ्या प्रवाहांना मात्र तिथीचा हिशेब लागू नाही. तिथे लाल बावटा आणि जीवरक्षक सांगतील तेच खरं.

नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतो, त्यात मुरगावही आहे. मोबाईलवरही वेळा मिळतात. मुंबईची वेळ बघून गोव्याला जाऊ नका. ज्या किनाऱ्यावर जाणार त्याच्या जवळच्या बंदराची बघा.