युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट, फ्लॉरेन्स

युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट : इटलीतील फ्लॉरेन्स शहरालगत, फिएसोलेच्या टेकडीच्या उतारावर असलेली संशोधनसंस्था. युरोपचे धोरण, आंतरराष्ट्रीय व युरोपीय कायदा, इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे तिचे विषय. पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १९ एप्रिल १९७२ रोजी तिच्या स्थापनेच्या करारावर सह्या केल्या. पहिली तुकडी १९७६ मध्ये दाखल झाली. येथे पदवीचे वर्ग नाहीत. मुख्य काम पीएच.डी.चे आणि त्यापुढच्या संशोधनाचे. प्रबंध लिहायला आलेल्यांना येथे विद्यार्थी म्हणत नाहीत, संशोधक म्हणतात.

कल्पना करारापेक्षा बरीच जुनी. १९४८ च्या हेग परिषदेपासून युरोपने मिळून उच्च शिक्षणाची सोय करावी असे बोलले जात होते. १९५७ च्या युरॅटम (युरोपीय अणुऊर्जा समुदाय) कराराच्या नवव्या कलमात विद्यापीठाच्या दर्जाची एक संस्था काढावी, अशी तरतूदही झाली. तिचे स्वरूप काय असावे यावर मग पंधरा वर्षे खल चालला. उच्च शिक्षण दुसऱ्याच्या हाती सोपवायला सगळी राष्ट्रे राजी नव्हती. शेवटी जी संस्था उभी राहिली ती युरोपीय संघाचे खाते नाही. सदस्य राष्ट्रांच्या स्वतंत्र करारावर ती चालते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन संघाबरोबर या करारातूनही बाहेर पडले. पहिले प्रमुख मॅक्स कोन्स्टाम हे डच गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत राहिलेले आणि पुढे युरोपीय कोळसा-पोलाद समुदायाच्या उच्चाधिकार मंडळाचे सचिव झालेले. अशा माणसाच्या हाती जर्मन, फ्रेंच, इटालियन तरुणांना एकत्र बसवून शिकवणारी संस्था सोपवली गेली, हे फार मोलाचे होते.

संस्थेचे मूळ ठाणे बादिया फिएसोलाना हा जुना मठ. पंधराव्या शतकात कोसिमो दे मेदिचीच्या पैशाने त्याची नव्याने बांधणी झाली. आता संस्थेचा पसारा टेकडीवरच्या अनेक वास्तूंत आहे. कायदा विभाग व्हिला साल्व्हियाती या जुन्या प्रासादात भरतो.

या विभागाने कायद्याच्या अभ्यासाला जे वळण दिले, ते संस्थेचे सर्वांत मोठे काम मानावे लागेल. माउरो कॅपेलेत्ती यांनी सत्तरच्या दशकात ‘न्यायापर्यंत पोच’ हा प्रकल्प हाती घेतला. हक्क कागदावर आहेत, पण गरिबाला वकील परवडत नाही, कोर्टाची पायरी चढता येत नाही, तर त्या हक्कांचे करायचे काय, याचा देशोदेशीचा धांडोळा त्यात आहे. त्याच सुमारास भारतात जनहित याचिकेची वाट खुली होत होती, आणि प्रश्न नेमका हाच होता. पुढे कॅपेलेत्ती, मोनिका सेकॉम्ब आणि जोसेफ वाइलर यांनी ‘कायद्यातून एकात्मता’ ही ग्रंथमाला काढली. युरोपीय समुदायाला सैन्य नाही, स्वतःचे पोलीस नाहीत, तरी राष्ट्रे बांधली जातात ती निवाड्यांनी आणि नियमांनी. ही प्रक्रिया अमेरिकेच्या संघराज्याशी ताडून पाहण्याचा तो प्रयत्न होता. वाइलर यांची डॉक्टरेट येथलीच. २०१३ ते २०१६ या काळात ते संस्थेचे अध्यक्षही होते.

आंतरराष्ट्रीय कायद्याची बाजू अंतोनियो कासेझे यांनी भक्कम केली. १९८७ ते १९९३ या काळात ते येथे प्राध्यापक होते. इथून ते थेट माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष म्हणून हेगला गेले. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ’ या नियतकालिकाच्या संस्थापकांत कासेझे आणि वाइलर दोघेही होते. येथेच शिकवलेले फ्रांचेस्को फ्रांचिओनी यांचे नाव भारतीय वाचकाला वेगळ्या संदर्भात आठवेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एन्रिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरील इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले. त्या वादात इटलीच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश आणि लवाद हेच.

वर्षाचा क्रम ठरलेला असतो. शरद ऋतूत संशोधक येतात, चर्चासत्रे सुरू होतात. पहिले वर्ष संपताना प्रत्येकाने एक दीर्घ निबंध मार्गदर्शकापुढे ठेवायचा असतो. त्याला सगळे ‘जून पेपर’ म्हणतात. पोलंडच्या मुलीने लिहिलेला मसुदा पोर्तुगालचा सहकारी वाचतो, त्यावर आयर्लंडचा कुणी आक्षेप घेतो. आपल्या देशाचा कायदा हाच कायद्याचा स्वाभाविक नमुना, ही समजूत अशा टेबलावर फार दिवस टिकत नाही. प्रबंधाचे शेवटचे समर्थन परीक्षक मंडळापुढे होते, त्यात बाहेरच्या विद्यापीठांतले परीक्षकही असतात.

उन्हाळ्यात ‘अकॅडमी ऑफ युरोपियन लॉ’चे वर्ग भरतात. १९९० मध्ये सुरू झालेल्या या अकादमीचे दोन अभ्यासक्रम : मानवी हक्कांचा कायदा आणि युरोपीय संघाचा कायदा. धोरणाकडचे बरेचसे काम १९९२ मध्ये स्थापन झालेले रॉबर्ट शूमन केंद्र पाहते. स्थलांतर, नागरिकत्व, वीज-वायूच्या बाजारावरील नियंत्रण असे तेथील विषय. सदस्य देशांत वृत्तमाध्यमांचे वैविध्य कुठे धोक्यात आहे याची पाहणी तेथूनच निघते. वेगवेगळ्या देशांच्या न्यायाधीशांना एकत्र बसवून युरोपीय कायदा आपापल्या कोर्टात कसा लावायचा याची उजळणीही होते. २०१७ पासून प्रशासकांसाठी आंतरराष्ट्रीय शासनव्यवहाराचे वेगळे विद्यालय आहे. दर वर्षी मे महिन्यात राजकारणी आणि अभ्यासक यांची ‘स्टेट ऑफ द युनियन’ परिषद भरते.

व्हिला साल्व्हियातीतच युरोपीय संघाचे ऐतिहासिक अभिलेखागार आहे, आणि कायद्याच्या अभ्यासकाचे खरे भाग्य तेथे आहे. संघाच्या संस्थांची कागदपत्रे तीस वर्षांनी खुली होतात व येथे ठेवली जातात. युरोपीय ऐक्याचे पुरस्कर्ते अल्तिएरो स्पिनेल्ली यांच्यासारख्यांची खासगी दप्तरे आणि युरोपीय अंतराळ संस्थेचे कागदही येथेच आहेत. युरोपीय न्यायालयाच्या जुन्या खटल्यांच्या फायली आल्यापासून एक नवीच वाट उघडली. ‘वान गेंड एन लोस’ हा खटला घ्या. एका डच वाहतूक कंपनीने पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्माल्डिहाइड मागवले. सीमेवर जकात तीन टक्क्यांऐवजी आठ टक्के लागली. कंपनी भांडली. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी न्यायालयाने सांगितले की, युरोपीय आर्थिक समुदायाचा करार सरकारांपुरता नाही. त्याने दिलेले हक्क साध्या आयातदारालाही आपल्या देशाच्या कोर्टात मागता येतात. युरोपीय कायद्याचा पाया असलेला हा निवाडा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण जकातीच्या पाच टक्क्यांवरून वकिलांनी आणि सरकारांनी काय काय लिहून दिले, हे समजायचे तर फाइलच उघडावी लागते. न्यायाधीशांची बंद दाराआडची चर्चा मात्र त्यात नाही.

दर वर्षी आणखी एका वर्षाचे कागद खुले होतात. २००४ मध्ये दहा देश एकदम संघात आले. त्या वर्षाच्या फायली तीस वर्षांच्या हिशेबाने २०३५ च्या सुमारास टेबलावर येतील.